मोरचुदाचें माप

फ्रान्सच्या नैर्ऋत्येस, बोर्दो शहराच्या उत्तरेला, मेदॉक नांवाचा द्राक्षांचा मुलूख आहे. तेथील सें-ज्युलियें गांवच्या वाटेनें १८८२ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत बोर्दो येथील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मियार्दे चालले होते. केवडा रोगानें त्या भागांतील मळेच्या मळे उघडे पडले होते. वाटेच्या कडेच्या वेलींचीं पानें मात्र हिरवीं राहिलीं होतीं, आणि त्या पानांवर निळसर पुटें चढलेलीं दिसत होतीं. चौकशी करतां कळलें कीं, वाटसरू जातां-येतां घड तोडतात. त्यांना विषाची धास्ती वाटावी म्हणून कडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडण्याची त्या मुलखांत चालच आहे. चोरांसाठीं केलेली युक्ति रोगाला लागू पडली होती.

ही हकीकत बहुधा येथेंच संपविली जाते, जणूं कांहीं त्याच दिवशीं औषध हातीं आलें. वस्तुतः त्या दिवशीं सांपडली ती केवळ वस्तु. तिचें माप सांपडावयास पुढें कित्येक वर्षें लागलीं; आणि पिकांवरील औषधांचा खरा इतिहास पाहूं गेल्यास तो बव्हंशीं या मापाचाच इतिहास आहे.

केवडा रोग मूळचा अमेरिकेंतला. फिलॉक्सेरा नांवाची कीड फ्रान्समधील वेलींच्या मुळ्या खात सुटली, तेव्हां तिला दाद न देणाऱ्या अमेरिकन वेली मागविण्यांत आल्या. त्यांच्याबरोबर हा पाहुणा आला व १८७८ मध्यें फ्रान्सच्या मळ्यांत प्रथम दिसला. मियार्दे यांनीं रसायनज्ञ गायों आणि मळ्याचे कारभारी दाव्हिद यांच्या साहाय्यानें प्रयोग केले व १८८५ सालीं आपली कृति प्रसिद्ध केली. शंभर लिटर पाण्यांत आठ किलो मोरचूद, आणि तीस लिटर पाण्यांत विरविलेला पंधरा किलो कळीचा चुना! दोन्ही एकत्र करतां निळी लापशीच तयार होई. मजूर डाव्या हातांत झारी धरी आणि उजव्या हातांतील लहानशा कुंच्यानें ती लापशी पानांवर उडवी. घडांना स्पर्श होऊं नये एवढी दक्षता मात्र घ्यावी लागे.

मियार्दे यांचे स्वतःचेच प्रयोग या लापशीच्या विरुद्ध साक्ष देत होते. तांब्याचा अत्यंत अल्प अंश पाण्यांत असला तरी रोगाचीं बीजें रुजत नाहींत, असें त्यांना आढळून आलें होतें. म्हणजे पानावर औषध किती जाड बसलें याला फारसें महत्त्व नव्हतें. रोगाचें बीज जेथें पडेल तेथें तें आधींच पोहोंचलेलें असणें, हेंच महत्त्वाचें होतें. मग मोरचुदाचें प्रमाण उतरत गेलें. पुढें रूढ झालेल्या एक टक्का मिश्रणांत शंभर लिटर पाण्यास एकच किलो मोरचूद व तितकाच चुना असतो. आठाचा एक झाला आणि रोग हटावयाचा राहिला नाहीं. चुना मात्र कमी पडतां कामा नये, नाहींतर मोकळा मोरचूद पानें जाळतो. त्याची परीक्षा सोपी आहे. घासलेल्या लोखंडी सुरीचें पातें मिश्रणांत क्षणभर बुडवावें. त्यावर तांबूस पूट चढलें कीं चुना आणखी हवा असें समजावें. याच कारणास्तव हें मिश्रण लोखंडी भांड्यांत करीत नाहींत.

परंतु औषध पातळ झालें तरी कुंचा कुंचाच राहिला. केवड्याचें बीज पानाच्या खालच्या बाजूनें शिरतें, आणि कुंच्याचे थेंब पडतात ते वरच्या बाजूस. ही अडचण अमेरिकेंत निराळ्याच पिकासाठीं सोडविली गेली होती. तेथील कीटकशास्त्रज्ञ रायली व त्यांचे साहाय्यक बार्नार्ड यांनीं कापसावरील अळीच्या बंदोबस्तासाठीं एक चिमुकली तोटी बनविली होती. तिच्या वाटोळ्या पोकळींत पाणी बाजूनें शिरे, गरगर फिरे व बाहेर पडतांना धुक्यासारखें पसरे. ही तोटी कापसाच्या पानाखालींही धरतां येई. ती फ्रान्समध्यें पोहोंचली आणि व्हर्मोरेल यांच्या कारखान्यानें पाठीवर घेण्याच्या पंपाला तिचें सुधारलेलें रूप जोडलें. आज शेतकऱ्याच्या पाठीवर दिसणारा पंप याच घराण्यांतला.

हिंदुस्थानांत हें मिश्रण विसाव्या शतकाच्या आरंभीं आलें. १९१० च्या सुमारास मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यानें द्राक्षांवर त्याचे प्रयोग केले. त्याच सुमारास म्हैसूर संस्थानांत लेस्ली कोलमन यांनीं सुपारीच्या कोळेरोगावर तें यशस्वी करून दाखविलें. मलनाडच्या धो-धो पावसांत औषध टिकावें कसें, हा तेथील प्रश्न. म्हणून त्यांत राळ व सोडा यांचें चिकटण मिसळूं लागले. पावसाळ्याच्या तोंडाशीं एक फवारणी आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांनीं दुसरी, हा क्रम तेथपासून बागाईतदारांच्या अंगवळणीं पडला.

मोरचुदाच्या बाबतींत माप चुकलें तर बहुधा पान जळे किंवा पैसा वाया जाई. पुढील औषधांनीं ही सवलत ठेवली नाहीं. स्विस रसायनज्ञ पॉल म्युलर यांना १९३९ सालीं डी. डी. टी.चा गुण कळला. युद्धकाळांत जर्मनींत श्राडर यांनीं पॅराथिऑन शोधलें. हें दुसरें द्रव्य कातडींतूनही शरीरांत भिनतें. १९५८ सालीं बोटीवर अन्नाच्या पोत्यांशेजारीं ठेवलेलें हें औषध गळून त्या अन्नांत मिसळलें, आणि केरळांत शंभराहून अधिक माणसें दगावलीं. त्यानंतर दहा वर्षांनीं, १९६८ सालीं, कीटकनाशकांचा कायदा झाला. डब्यावर विषाची तीव्रता सांगणारा लाल, पिवळा, निळा वा हिरवा रंग आला. बारीक अक्षरांत हेक्टरी मात्राही आली.

तरीही २०१७ सालच्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. शेंकडों रुग्णालयांत गेले. त्या वर्षीं कापूस माणसाच्या डोक्याएवढा उंच वाढला होता, व फवारा तोंडावर येत होता. अज्ञानी शेतकऱ्यानें वाटेल तितकें औषध ओतलें, असा शेरा मारून अनेकजण मोकळे झाले. तो शेरा अर्धवट आहे. पंप पाठीवर घेणारा मजूर पुष्कळदां डब्यावरचा कागद पाहतही नाहीं, आणि पाहिला तरी तेथें मात्रा लिहिलेली असते हेक्टराची. त्याच्या हातांत असतो पंप व औषधाच्या बाटलीचें झाकण. हेक्टर आणि झाकण यांच्यामध्यें जो हिशेब लागतो तो त्याला कोणी करून दिलेला नसतो.

तो हिशेब मराठी मुलखाच्या जुन्या मापानेंच होतो. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद जमीन. चाळीस गुंठ्यांचा एकर. एक गुंठा आंखून, पंपांत मोजून साधें पाणी भरावें आणि नेहमींच्या चालीनें, नेहमींच्या तोटीनें तेवढाच गुंठा फवारावा. उरलेलें पाणी मोजलें कीं किती खपलें तें कळतें. तीन लिटर खपलें, तर एकरी एकशें वीस. पंधरा लिटरांचा पंप असेल तर आठ पंप. डब्यावरच्या हेक्टरी मात्रेस अडीचनें भागलें कीं एकरी मात्रा निघते. ती दोनशें मिलिलिटर आली, तर प्रत्येक पंपास पंचवीस पडतात, आणि तीं झाकणानें नव्हे तर खुणांच्या मापानें घ्यावयाचीं असतात. तोटी बदलली, माणूस बदलला किंवा पीक कमरेवर गेलें, कीं तोच गुंठा साध्या पाण्यानें पुन्हां फवारून पाहावा लागतो.