दरोडेखोर कीं नायक?

ज्या पुरुषास सरकारी दप्तर दरोडेखोर म्हणतें, त्यासच लोक राजा म्हणतात, हा प्रकार पुणें प्रांतास नवा नाहीं. आम्ही राहतों त्या इंद्रायणीकांठच्या चऱ्होलीपासून पुरंदरचा मुलूख कांहीं फार लांब नाहीं. तेथील उमाजी नाईक जातीनें रामोशी. राखण करणें हा त्याचा पिढीजात व्यवसाय. कंपनी सरकारच्या अमलांत रामोश्यांचे हक्क बुडाले आणि राखणदारच बंडखोर झाला. ३ फेब्रुवारी १८३२ रोजीं त्यास पुण्यांत फांशी दिलें.

या पुरुषाची सावली आधुनिक मराठी कादंबरींत दोन रीतींनीं पडली आहे. बाबूराव अर्नाळकरांचे ‘काळा पहाड’ व ‘झुंजार’ कायदा मोडतात, पण दुष्टांस शासन करण्यासाठीं. हीं पुस्तकें आम्हीं विद्यार्थिदशेंत पाठ्यपुस्तकांआड लपवून वाचलीं, हें कबूल करण्यास आतां संकोच वाटत नाहीं. परंतु त्यांत दोष असे तो एखाद्या खलपुरुषाचा. राज्यव्यवस्था निर्दोषच राही, आणि पुस्तक मिटलें कीं वाचक निश्चिंत झोपी जाई.

अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’नें (१९५९) ही सोय ठेविली नाहीं. वारणेच्या खोऱ्यांतील हा मांग तरुण दुष्काळांत धान्य लुटून भुकेल्यांस वांटतो, सरकारी खजिन्यावर हात टाकतो. एका जमातीस जन्मतःच गुन्हेगार ठरवून तिची हजेरी घेणारा कायदाच येथें आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा राहतो. १८७१ सालीं जन्मास आलेला तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. १९६१ सालीं या कादंबरीस राज्य सरकारचें पारितोषिक मिळालें. परक्या सरकारचा गुन्हेगार स्वकीयांच्या सरकारास मान्य झाला!

मग कायदा हातीं घेणारा प्रत्येक जण नायक काय? आमच्या मतें कसोटी एकच: किंमत कोण देतो? काळा पहाड दरवेळीं निसटतो. फकिरा मात्र आपलीं माणसें कैदेंत पडतांच त्यांच्यासाठीं आपण होऊन शत्रूच्या स्वाधीन होतो. जो दुसऱ्यांच्या जिवावर न्याय करितो तो गुंड. जो स्वतःच्या जिवावर करितो तो फकिरा.

एक प्रश्न मात्र आम्हांस सुटत नाहीं. फकिरासाठीं डोळे पुसणारे आम्ही सुशिक्षित लोक, त्याच कायद्यानें डागलेल्या जमातीचा कोणी दारीं आला, तर कडी घालतों कीं पाणी देतों?