चाकणच्या मोटारी आणि आज्ञावलीचे कुलूप

चाकण हे नाव उच्चारताच इतिहासाच्या अभ्यासकाला संग्रामदुर्ग आठवतो. १६६० साली फिरंगोजी नरसाळा यांनी थोड्याशा शिबंदीनिशी शाएस्तेखानाच्या अफाट फौजेला सुमारे दोन महिने थोपवून धरले, ते हे गाव. आज त्या परिसरात कारखान्यांच्या भिंती उभ्या आहेत आणि आपल्या धर्मग्रामांतील कित्येक घरांची चूल त्या भिंतींआडच्या पाळ्यांवर पेटते. या नव्या चाकणच्या इतिहासातही एक बंद दरवाजा आहे. त्याची हकीकत समजून घ्यावयाची, तर संगणकाच्या आज्ञावलीवर कुलूप केव्हा व कसे लागले, तेथून आरंभ करावा लागतो.

संगणकाने करावयाच्या कामाचे क्रमवार हुकूम म्हणजे आज्ञावली. ती प्रथम माणसाला वाचता येईल अशा सांकेतिक भाषेत लिहिली जाते. तिलाच मूळ आज्ञावली किंवा सोर्स कोड म्हणतात. नंतर तिचे यंत्राला उमगणाऱ्या शून्य आणि एकच्या रांगांत रूपांतर होते. ग्राहकाच्या हाती सामान्यतः ही दुसरी प्रतच पडते. यंत्राचे निरनिराळे भाग व इतर आज्ञावली यांचा मेळ घालणाऱ्या पायाभूत आज्ञावलीला ऑपरेटिंग सिस्टीम हे नाव आहे.

आरंभीच्या काळी यंत्राबरोबर आज्ञावलीही मिळे आणि ती वाचण्यास, सुधारण्यास फारशी आडकाठी नसे. १९६९ साली आयबीएम कंपनीने आज्ञावलीची किंमत यंत्रापासून वेगळी आकारण्याचे जाहीर केले. आज्ञावली ही स्वतंत्र विक्रीची वस्तू झाली आणि हळूहळू मूळ प्रत कुलुपात गेली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत काम करणारे रिचर्ड स्टॉलमन यांना एका छपाईयंत्राची मूळ आज्ञावली नाकारली गेली. पुढे १९८३ साली त्यांनी सर्वांना खुली असेल अशी ऑपरेटिंग सिस्टीम घडविण्याचा संकल्प सोडला व तिला ‘ग्नू’ हे नाव दिले. १९८९ साली त्यांनी जो परवाना प्रसिद्ध केला, त्याची अट मोठी विलक्षण होती: आज्ञावली वाचा, बदला, वाटा, परंतु ज्याला ती द्याल, त्यालाही हेच अधिकार मूळ प्रतीसह द्या. १९९१ साली हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरव्हाल्ड्स याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढल्याच वर्षी तो या परवान्याखाली आणला. आज कोट्यवधी अँड्रॉइड फोनांच्या पोटात तोच गाभा आहे.

आपल्या देशाचा कायदा या विषयात काय म्हणतो, हे साहित्याच्या वाचकांस विशेष रोचक वाटावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने आज्ञावलीचा समावेश झाला, तो ‘वाङ्मयीन कृती’ म्हणून. कविता, कादंबरी यांच्या पंक्तीत. मात्र या पंक्तीत एक विसंगती आहे. कवीचा कवितेवर हक्क असतो, तरी छापलेली कविता कोणीही वाचतो व तिला बरे-वाईट म्हणतो. आज्ञावली ही अशी वाङ्मयीन कृती आहे की, जी विकत घेणाऱ्यालाही वाचता येत नाही. १९९९ च्या दुरुस्तीने आज्ञावलीचे कार्य पाहून तिच्यामागील तत्त्वे अभ्यासण्यास मोकळीक दिली खरी. पण मूळ प्रत दाखविण्याचे बंधन निर्मात्यावर आले नाही.

आता चाकणकडे वळू. फोक्सवॅगन या जर्मन कंपनीचा येथील कारखाना २००९ साली सुरू झाला. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने या कंपनीवर नोटीस बजावली. तिच्या काही डिझेल मोटारींतील आज्ञावली स्टिअरिंगची स्थिती, वेग, इंजिन चालू असल्याचा काळ आणि हवेचा दाब यांवरून गाडीची चाचणी चालली आहे हे ओळखत असे. चाचणीपुरते धूर आवरणारे यंत्रणेचे भाग पूर्ण जोमाने चालत. रस्त्यावर मात्र नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे प्रमाण मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत जाई. जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही आज्ञावली असल्याचे कंपनीने मान्य केले. भारतातही पुण्याच्या एआरएआय या संस्थेने गाड्या तपासल्या आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने फोक्सवॅगन, ऑडी व स्कोडा मिळून ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. येथील नियमांचा भंग झालेला नाही, अशी तिची भूमिका होती. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला; मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईस स्थगिती दिली.

ही लबाडी उघड झाली, ती आज्ञावली वाचून नव्हे. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी मापनयंत्र गाडीत ठेवून शेकडो मैल प्रवास केला आणि धूर मोजला. योगायोग असा की, त्याच २०१५ साली अमेरिकेत मोटारीच्या आज्ञावलीचे कुलूप अभ्यासासाठी उघडण्याची परवानगी मागितली जात होती आणि मोटारकंपन्यांबरोबर ती पर्यावरण संस्थाही तिला विरोध करीत होती. मालक आज्ञावली बदलून धूर वाढवतील, ही तिची भीती होती. ती भीती निराधार म्हणता येणार नाही. परंतु वाचणे आणि बदलणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हा विवेक त्या विरोधात राहिला नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये परवानगी मिळाली. एक वर्षानंतर ती अमलात आली.

खुलेपणा हा सर्व रोगांवरचा उपाय आहे, असा आमचा दावा नाही. संकेतस्थळांच्या सुरक्षेसाठी जगभर वापरली जाणारी ओपनएसएसएल ही आज्ञावली पूर्णपणे खुली होती. तरी तिच्यातील ‘हार्टब्लीड’ हा घातक दोष दोन वर्षे लपून राहून २०१४ साली सापडला. दार उघडे असून आत कोणी डोकावलेच नाही, तर उपयोग काय? शिवाय श्रमाने लिहिलेल्या आज्ञावलीचा मोबदला मागणे यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच की, जिच्या हुकुमावर सर्वांच्या श्वासातली हवा ठरते, ती आज्ञावली निदान तपासनिसाला वाचता यावी की नाही? आमच्या मते ती यावी. व्यापाऱ्याच्या वजनमापांवर जसा निरीक्षकाचा शिक्का लागतो, तसाच हा न्याय आहे.

आता भारतात एप्रिल २०२३ पासून नव्या मोटारींचा धूर प्रत्यक्ष रस्त्यावरही मोजला जातो. हे स्वागतार्ह आहे. पण हे मोजमाप परिणामाचे आहे, हुकुमाचे नाही. म्हणून हुकूम लिहिणाऱ्याचे मन हीच शेवटची तपासणी उरते. अमेरिकेतील खटल्यात फोक्सवॅगनच्या एका अभियंत्याने गुन्हा कबूल केला व २०१७ साली त्याला ४० महिन्यांची कैद झाली. चाकणच्या जुळणीपट्ट्यावर नट आवळणाऱ्या हातांना या आज्ञावलीची गंधवार्ताही असण्याचे कारण नव्हते. परंतु त्याच हातांची मुले आज पुण्यात मोटारींच्या आज्ञावली लिहू लागली आहेत. वरून आलेला हुकूम कोणी वाचणार नाही, हे ठाऊक असतानाही तो लिहावा की नाही, हा प्रश्न त्यांच्यासमोर कधीतरी येईल. त्याचा विचार घरातच, जेवणाच्या वेळी, आधी होऊन गेलेला बरा.