निर्लेप भांडी
पॉलिटेट्राफ्लुओरोएथिलीन या बहुवारिकाचा, अन्न चिकटू न देणारा पातळ थर ज्यांच्या अंतःपृष्ठावर चढविलेला असतो अशी, बहुधा ॲल्युमिनियमची, स्वयंपाकाची भांडी. हे बहुवारिक रॉय प्लंकेट यांना १९३८ साली अमेरिकेत अनपेक्षितपणे गवसले. भोगले कुटुंबाने १९६८ मध्ये औरंगाबादेस ‘निर्लेप’ या नावाने उत्पादन आरंभिल्यावर ते मुद्रानाम मराठीत जवळजवळ जातिवाचकच झाले. थर सुमारे २६०° से. पर्यंत टिकतो, आणि त्याचा सुटलेला कपचा पोटात गेला तरी शोषला न जाता बाहेर पडतो. परंतु रिकामा तवा प्रखर आचेवर विसरला जाऊन तापमान ३५०° से. च्या पलीकडे गेले, तर त्यातून निघणारे वायू माणसास ज्वरसदृश विकार जडवितात व पिंजऱ्यातील पोपटाचा प्राणही घेतात. निर्मितीत पूर्वी योजले जाणारे परफ्लुओरोऑक्टॅनॉइक अम्ल २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्ककारक ठरविले. तयार भांड्यात मात्र त्याचा अंश नगण्य असतो. धाराशिव जिल्ह्यातील ज्वारीच्या भाकरीस, जी कोरड्या तापल्या तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवितात, लोखंडी तवाच (पहा : तवा) उचित, निर्लेप पृष्ठ धिरड्यांस, मंद आचेवर व लाकडी उलथन्यासह. पितळेत ताक कळकू नये म्हणून दिलेली कथिलाची कल्हई (पहा : कल्हई) तर २३२° से. लाच वितळते, हे सहसा ध्यानी घेतले जात नाही.