‘गो टू’चा वाद

मार्च १९६८ मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द ए.सी.एम.’ या अमेरिकेतील संगणकशास्त्रविषयक मासिकात एड्सगर डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाचे एक छोटेसे पत्र प्रसिद्ध झाले आणि ‘गो टू’ या एका आज्ञेवरून पेटलेला वाद पुढे जवळपास वीस वर्षे धुमसत राहिला. लेखकाने दिलेले शीर्षक सौम्य होते. संपादक निक्लाउस विर्थ यांनी ते बदलून ‘गो टू’ घातक असल्याचे ठणकावणारे शीर्षक दिले आणि लेख लवकर छापता यावा म्हणून तो पत्राच्या रूपात घेतला. वादाला जी धार चढली, तिच्यात या शीर्षकाचा वाटा मोठा आहे.

‘गो टू’ म्हणजे प्रोग्रॅममधील चालू ओळ सोडून दुसऱ्या एखाद्या ओळीवर थेट उडी घेण्याची आज्ञा. १९५७ साली आय.बी.एम.ने आणलेल्या फोर्ट्रान भाषेत अशा उड्यांवाचून गत्यंतर नव्हते. तिच्यातील अटीची आज्ञा एखादी संख्या ऋण, शून्य की धन आहे हे पाही आणि त्यानुसार तीन निरनिराळ्या क्रमांकांच्या ओळींपैकी एकीकडे नियंत्रण पाठवी. त्यामुळे मोठ्या प्रोग्रॅममध्ये एखाद्या ओळीवर संगणक कोठून येऊन पोहोचला, हे वाचणाऱ्याला संपूर्ण मजकूर पालथा घातल्याशिवाय सांगता येत नसे. १९६० च्या अल्गोल भाषेने आज्ञांचे गट बांधण्याची सोय केली होती, आणि त्या भाषेसाठी अ‍ॅमस्टरडॅममध्ये याप झोनेवेल्ड यांच्यासह कम्पायलर, म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणारी प्रणाली, डायक्स्ट्राने स्वतः रचली होती. त्याची टीका अनुभवातून आली होती, ती कोरड्या सिद्धांतातून आलेली नव्हती.

कोणताही प्रोग्रॅम क्रम, निवड आणि पुनरावृत्ती या तीन रचनांत बसवता येतो, हे कोराडो ब्योम आणि जुझेप्पे याकोपिनी या इटालियन गणितज्ञांनी १९६६ मध्येच दाखवले होते. मात्र उड्यांनी भरलेला प्रोग्रॅम यांत्रिकपणे या साच्यात ओतल्याने तो अधिक सुबोध होत नाही, हे डायक्स्ट्राने त्याच पत्रात स्पष्ट केले आहे. त्याचा खरा मुद्दा माणसाच्या बुद्धीविषयी होता: स्थिर संबंध आपल्याला चांगले उमगतात, काळाच्या ओघात उलगडणारी प्रक्रिया मात्र डोळ्यांपुढे उभी करणे जड जाते, म्हणून कागदावरचा मजकूर आणि यंत्रात चाललेली प्रक्रिया यांतील अंतर शक्य तितके कमी ठेवावे. यासाठी त्याने रिकाम्या खोलीत शिरणाऱ्या माणसांच्या मोजणीचे उदाहरण घेतले. माणूस आत आला, पण मोजणारी संख्या अजून वाढवलेली नाही, अशा क्षणी ती संख्या खोलीतील माणसांपेक्षा एकाने कमी असते. म्हणजे प्रक्रिया कोठवर आली आहे हे कळल्याखेरीज त्या संख्येचा अर्थच लागत नाही. स्वैर उड्या हे ‘कोठवर’ सांगण्याचे साधनच हिरावून घेतात. या साऱ्या वादातील सर्वांत मोलाचा विचार हाच होय.

दुर्दैवाने विचार मागे पडला आणि बंदी तेवढी उरली. ‘स्ट्रक्चर्ड प्रोग्रॅमिंग’, म्हणजे आखीव रचनेचे प्रोग्रॅमलेखन, याचा अर्थ अनेकांनी ‘गो टू’ गाळणे एवढाच घेतला. डिसेंबर १९७४ मध्ये डोनाल्ड क्नूथ यांनी ‘कम्प्युटिंग सर्व्हेज’मधील दीर्घ निबंधात हा गैरसमज समर्थपणे दूर केला. यादीत एखादे मूल्य शोधावयाचे आणि न सापडल्यास शेवटी जोडावयाचे, हे त्यांच्या उदाहरणांपैकी एक: मूल्य सापडताच पुनरावृत्तीतून बाहेर उडी घेता आली तर काम सरळ होते, ती नाकारली, तर बाहेर पडल्यावर ‘सापडले की नाही’ ही तपासणी पुन्हा करावी लागते. या प्रश्नावर आपण हटवादी असल्याचे कोणी मानू नये, असे डायक्स्ट्राने क्नूथ यांना कळवले होते, आणि तेही या निबंधात नमूद आहे. वाद तेथेच मिटावयास हवा होता. तरीही मार्च १९८७ मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द ए.सी.एम.’मध्येच फ्रँक रुबिन यांनी ‘गो टू’ची बाजू घेणारे पत्र लिहिले आणि उत्तरे-प्रत्युत्तरे नव्याने झडली.

पुढे जावा भाषेने हा शब्द राखीव ठेवला, पण वापरू दिला नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्यात, मात्र काम मध्येच फसल्यास घेतलेली स्मृती आणि अन्य साधने परत करण्यासाठी फलनाच्या, म्हणजे प्रोग्रॅममधील एका स्वतंत्र घटकाच्या, शेवटी लिहिलेल्या आवराआवरीच्या ओळींकडे ‘गो टू’ने जाण्याची पद्धत रूढ असून, त्याच्या लेखनशैलीच्या मार्गदर्शिकेतही ती सांगितलेली आहे. ही उडी नेहमी पुढच्या दिशेने, एकाच फलनाच्या आत आणि ठरलेल्या हेतूने घेतली जाते; त्यामुळे प्रक्रिया कोठवर आली आहे हे वाचणाऱ्याला कळते आणि १९६८ च्या पत्रातील मूळ कसोटीला ती उतरते.