एका ताऱ्याच्या दोन लेकी

काशीमीरा नाका अहमदाबादच्या महामार्गावर आहे. लहानपणी मी तिथे मामांच्या ट्रकची वाट पाहत उभा राहत असे. गाडी जुनी, पुढे नाक काढलेली, आणि त्या नाकावर वर्तुळात बसवलेला तीन टोकांचा तारा. मामा ऐटीत म्हणत, "भाचेबुवा, ही मर्सिडीज आहे, बरं का!" शाळेत मी हे सांगितले तेव्हा मुले खो खो हसली. मर्सिडीज म्हणजे धनिकाची मोटार, एवढेच त्यांना ठाऊक. मामा खोटे बोलत नव्हते, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगले. आणि तेही एका भलत्याच गाडीचा इतिहास वाचताना.

ती गाडी म्हणजे मर्सिडीज-बेंझची ३०० एस-एल. तिची कहाणी वैभवातून नव्हे, ओढगस्तीतून सुरू होते. महायुद्धात जर्मनीचे कारखाने जमीनदोस्त झाले होते. शर्यतीत पुन्हा उतरायचे तर नवे इंजिन घडवायला पैसा कुठला? रुडोल्फ उलेनहाउट या अभियंत्याने घरातलेच सामान काढले: ३०० या भारदस्त प्रवासी मोटारीचे तीन लिटरचे, सहा सिलिंडरांचे इंजिन. शक्ती फारशी वाढवता येत नाही, तर वजन घटवू, असा त्याचा हिशेब. बारीक पोलादी नळ्या त्रिकोणात्रिकोणांनी जोडून त्याने सांगाडा उभारला. या नळ्यांवर ताण आणि दाब येतो, पण वाकवणारा भार जवळजवळ येत नाही. म्हणून सुमारे ५० किलोंचा सांगाडा सारी गाडी पेलू शकला. बॉनेट बुटके राहावे म्हणून इंजिन चक्क कुशीवर कलते बसवले. १९५२ साली या गाडीने फ्रान्समधील ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली आणि मेक्सिकोतील कारेरा पानामेरिकानाही.

अमेरिकेतील व्यापारी मॅक्स हॉफमन याने आग्रह धरला, की ही गाडी विकायलाही काढा. फेब्रुवारी १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ती अवतरली. नळ्यांचा सांगाडा दोन्ही बाजूंना उंच आल्यामुळे नेहमीची दारे बसेनात. मग दारे छपराला बिजागऱ्या लावून पंखांसारखी वर उघडणारी केली. जगाने जिला शोभा मानले, ती मुळात अडचणीतून काढलेली वाट होती! इंजिनात कार्बोरेटरऐवजी बॉशचा पंप इंधन थेट सिलिंडरात फवारी. ही विद्या जर्मन लढाऊ विमानांच्या इंजिनांत मुरलेली होती. फोर-स्ट्रोक इंजिनाच्या विक्रीच्या मोटारीत ती प्रथमच आली. शक्ती २१५ अश्वशक्ती.

मार्च १९५७ मध्ये जिनीव्हाला तिचे उघडे रूप, म्हणजे रोडस्टर, आले. सांगाड्याच्या बाजू खाली घेऊन नेहमीची दारे बसवली आणि गेलेली ताकद इतरत्र आधार देऊन भरून काढली; साहजिकच वजन वाढले. पण मोठी सुधारणा मागच्या धुऱ्यात होती. आधीच्या गाडीत वेगाने वळण घेताना मागचे चाक आत मुडपे आणि गाडी फिरून जाई. रोडस्टरमध्ये धुऱ्याचा सांधा खाली आणला, तेव्हा हा स्वभाव पुष्कळ निवळला. १९६१ साली डिस्क ब्रेक आले, १९६२ साली ॲल्युमिनियमचे इंजिन, आणि १९६३ साली उत्पादन थांबले. बंद गाड्या १,४००, उघड्या १,८५८. एवढाच सारा संसार. म्हणूनच आज तिच्या एकेका प्रतीची वंशावळ लिहून ठेवतात.

आता मामांकडे येतो. ज्या १९५४ साली न्यूयॉर्कला ते पंख उघडले, त्याच साली डायमलर-बेंझने टाटांच्या टेल्कोशी करार केला आणि जमशेदपूरला मालट्रक बांधले जाऊ लागले. १९६९ पर्यंत हा सहयोग टिकला. तोवर तोच तारा आमच्या घाटांतून धान्य, सिमेंट, कांदे वाहत होता. पुढे १९९५ साली या कंपनीच्या प्रवासी मोटारी पुण्याजवळ पिंपरीला बांधल्या जाऊ लागल्या. पण त्याआधी कितीतरी वर्षे हा तारा मराठी मुलखात घाम गाळून गेला होता.

मर्सिडीज हे मुळात एका व्यापाऱ्याच्या मुलीचे नाव. त्या नावाच्या या दोन लेकी जणू: एक राजवाड्यात पडली, एक कष्टकऱ्याच्या घरी. पहिलीची मोजदाद आहे. दुसरी भंगारात गेली आणि तिचा क्रमांकही आम्हां भाच्यांना आठवत नाही. दुर्मिळता केवळ संख्येने ठरत नाही. कोण काय जपून ठेवतो, यावरही ठरते.

दसऱ्याला मामा त्या ताऱ्याला आधी हळदकुंकू लावीत, मग झेंडूची माळ घालीत. रोडस्टर मी फक्त चित्रात पाहिली आहे. तो पिवळाधमक तारा मात्र मी डोळ्यांनी पाहिला आहे.