कोटेशिया फ्लॅव्हिपेस

कोटेशिया फ्लॅव्हिपेस ही हायमेनॉप्टेरा गणाच्या ब्रॅकोनिडी कुळातील एक सूक्ष्म परोपजीवी गांधीलमाशी आहे. मका, ज्वारी, ऊस इत्यादी तृणकुळातील पिकांचे खोड पोखरणाऱ्या अळ्यांच्या शरीरात तिचे डिंभ वाढतात आणि त्या अळ्यांचा मृत्यू घडवून आणतात. ती मूळची आशियातील असून भारतात निसर्गतः आढळते. आफ्रिकेत मात्र तिला हेतुपुरस्सर नेण्यात आले.

नाव व वर्णन

पीटर कॅमेरॉन यांनी १८९१ मध्ये या जातीचे प्रथम वर्णन केले. पूर्वी तिचा समावेश ॲपँटेलिस या प्रजातीत होत असे. ‘फ्लॅव्हिपेस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘पिवळ्या पायांची’ असा आहे. शरीर काळे व लांबी सुमारे २ ते ३ मिमी. असते. गांधीलमाशी म्हटल्यावर पोळे करणारा व डंख मारणारा जो कीटक आठवतो, त्याच्याशी हिचे फारसे साम्य नाही. ही माणसाला डंख करीत नाही. ‘परोपजीवी’ हे विशेषणही सैलच म्हणावे लागेल. ऊ किंवा जंत यजमानाला सहसा जिवंत ठेवतात, तर या माशीच्या डिंभांची वाढ यजमानाच्या मृत्यूनेच पूर्ण होते.

यजमान कीड

हिच्या यजमानांपैकी धान्यपिकांच्या दृष्टीने महत्त्वाचा म्हणजे ज्वारी व मक्यावरील खोडकिडा (कायलो पार्टेलस). महाराष्ट्रातील ज्वारी उत्पादकांना तो परिचित आहे. अळी प्रथम पोंग्यातील कोवळी पाने खाते, त्यामुळे उमललेल्या पानांवर छिद्रांच्या ओळी दिसतात. पुढे ती खोडात शिरते. रोप लहान असल्यास पोंगा वाळतो, यास ‘पोंगेमर’ म्हणतात. एकदा अळी खोडात गेली की फवारलेले औषध तिच्यापर्यंत क्वचितच पोहोचते. उलट बाहेर वावरणाऱ्या गांधीलमाश्या त्याला सहज बळी पडतात.

जीवनचक्र

अळीने पोखरलेल्या झाडाच्या व तिच्या विष्ठेच्या वासावरून मादी यजमान शोधते आणि भोकातून थेट खोडातील बोगद्यात शिरते. हे काम धोक्याचे असते. अरुंद जागेत अळी उलटून चावते व अनेक माद्या तेथेच मरतात. यशस्वी मादी एका अळीत साधारणतः ३० ते ४० अंडी घालते. अंड्यांबरोबर पॉलिड्नाव्हायरस या गटातील विषाणूही अळीच्या शरीरात सोडले जातात; त्यांच्यामुळे अळीची प्रतिकारशक्ती दुबळी होते. डिंभ अळीच्या शरीरातील द्रवावर वाढतात, सुमारे १० ते १५ दिवसांनी तिची त्वचा भेदून बाहेर पडतात आणि पांढरे रेशमी कोष विणतात. धाट उभे चिरल्यास कोषांचा कापसासारखा पुंजका दिसतो. माहिती नसलेल्यास ती किडीचीच अंडी वाटू शकतात. कोषांतून आठवड्याभरात प्रौढ माश्या निघतात. त्यांचे आयुष्य अवघे काही दिवसांचे असते.

आफ्रिकेतील प्रसार

खोडकिडा आशियातून आफ्रिकेत पोहोचला. १९३०च्या सुमारास त्याची नोंद मलावीत (तत्कालीन न्यासालँड) झाली. पुढे तो पूर्व व दक्षिण आफ्रिकेत पसरला, परंतु त्याचे आशियातील शत्रू त्याच्याबरोबर आले नव्हते. १९६८ ते १९७२ या काळात पूर्व आफ्रिकेत ही गांधीलमाशी सोडण्यात आली. ती टिकली नाही. नैरोबी येथील आंतरराष्ट्रीय कीटक संशोधन केंद्राने नेदरलँड्समधील वाखेनिंगेन विद्यापीठाच्या सहकार्याने पुन्हा प्रयत्न केला. पाकिस्तानातून आणलेल्या माश्यांची पैदास करून १९९३ मध्ये त्या केनियाच्या किनारी भागात सोडण्यात आल्या. पहिली काही वर्षे त्यांचे अस्तित्व जेमतेमच जाणवत होते. १९९७ नंतर परजीवित अळ्यांचे प्रमाण वाढले आणि किनारपट्टीवर खोडकिड्याची संख्या घटल्याचे पाहण्यांतून दिसून आले. नंतर युगांडा व मोझांबिकसह इतर देशांतही ही माशी सोडण्यात आली.

मर्यादा

थंड, उंच प्रदेशांतील मक्यावर बुसिओला फुस्का ही आफ्रिकेतीलच खोडकिडीची जात प्रबळ आहे. फ्लॅव्हिपेस मादी तिच्यातही अंडी घालते. परंतु त्या अळीच्या रक्तपेशी अंड्यांभोवती वेढा घालून ती नष्ट करतात, त्यामुळे मादीची अंडी वाया जातात. तेथील स्थानिक कोटेशिया सेसामी ही बहीणजात मात्र त्याच अळीत वाढू शकते. याशिवाय फ्लॅव्हिपेसच्या कोषांवर उपजीविका करणाऱ्या इतर सूक्ष्म गांधीलमाश्याही आहेत.