रेड वेल्वेट व्हूपी पाय म्हणजे काय? हार्टच्या आकारात घरी कसे बनवायचे?

नावात 'पाय' असला तरी व्हूपी पाय हा पाय नाही. केकच्या दोन छोट्या, मऊ चकत्या आणि मध्ये क्रीम, असे हे केकचे सँडविच. याच्या जन्मावरून अमेरिकेतील मेन आणि पेनसिल्व्हेनिया ही दोन राज्ये भांडतात. मेनने तर २०११ मध्ये त्याला राज्याचा अधिकृत 'ट्रीट' जाहीर केले. मूळ प्रकार चॉकलेटचा. रेड वेल्वेट ही त्याची लाल आवृत्ती.

साहित्य (साधारण १२ नग)

चकत्यांसाठी: मैदा २५० ग्रॅम, साधी कोको पावडर २ टेबलस्पून, बेकिंग सोडा अर्धा टीस्पून, मीठ पाव टीस्पून, मऊ बटर ११५ ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, अंडे १, व्हॅनिला १ टीस्पून, घुसळलेले दही ९० मिली व पाणी ३० मिली, व्हिनेगर १ टीस्पून, खाण्याचा लाल जेल रंग.

क्रीमसाठी: क्रीम चीज ११० ग्रॅम, बटर ६० ग्रॅम, आयसिंग शुगर १५० ग्रॅम.

ताक का नाही?

अमेरिकी कृतींत 'बटरमिल्क' असते. ते दाट असते, आपले ताक पातळ. ताक घातले तर मिश्रण पसरते आणि हार्टचा गोळा होतो. म्हणून पाणी घातलेले दही. त्यातील आणि व्हिनेगरमधील आम्ल सोड्याशी मिळून चकत्या फुगवते.

कृती

१. मैदा, कोको, सोडा, मीठ चाळून घ्या.
२. बटर व साखर हलके होईपर्यंत फेटा. मग अंडे, व्हॅनिला, रंग घाला.
३. दही, पाणी, व्हिनेगर एकत्र करा. मैदा आणि हे मिश्रण आलटून पालटून घाला. जास्त फेटू नका. मिश्रण श्रीखंडाइतके घट्ट हवे.
४. कागद मधोमध दुमडून सुमारे ५ सेंमीचे अर्धे हार्ट कापा आणि उलगडा. त्यावरून बेकिंग पेपरवर २४ हार्ट काढा, पेपर उलटा ठेवा. दोन हार्टमध्ये ३ सेंमी जागा सोडा.
५. पायपिंग बॅगने आधी 'व्ही' काढा, मग आतील जागा भरा. टोके ओल्या बोटाने सारखी करा.
६. आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर ८ ते १० मिनिटे भाजा. बोटाने दाबल्यावर चकती वर आली की झाले.
७. पूर्ण गार झाल्यावरच क्रीम भरा. गरम चकतीवर ते वितळून बाहेर येते.

कागद दुमडून का कापायचा? जोडताना एक चकती उलटी होते. हार्ट एका बाजूला कलले असेल, तर दोन्हींच्या कडा जुळत नाहीत.

लाल रंग तपकिरी का होतो?

कोको जास्त झाला किंवा चकत्या जास्त भाजल्या, की लाली जाते. बीटचा रसही चालतो. पण बीटचा रंग उष्णतेने आणि सोड्याने फिका पडतो, त्यामुळे विटकरी छटा येते. बाजारचा रंग घेताना पाकिटावर एफएसएसएआय परवाना क्रमांक बघा आणि तो जपूनच वापरा.

किती दिवस टिकतात?

क्रीम चीज असल्याने बंद डब्यात, फ्रीजमध्ये ३ दिवस. खाण्याआधी १५ मिनिटे बाहेर काढा. चकत्या पुन्हा मऊ होतात.